अनुभव धागा : बाळंतपणानंतर 'हार्मोन बॅलन्स'च्या गोळ्या

बाळंतीण माहेराहून सासरी निघायच्या बेतात असते तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. पाळी आली नाही, केस गळतात, पोट उतरत नाही, चिडचिड होते. मग हार्मोन ताळ्यावर आणायला गोळ्या सुरू करायच्या का? तेवढ्यात जावेचं अर्धं उरलेलं पाकीट हातात पडतं. म्हणून मराठवाड्यात रोज याच कामात असणाऱ्यांना इथे लिहायला बोलावलं आहे. कहाण्या नकोत. कोणती गोळी, केव्हा, किती, काय चुकतं आणि का, ते नेमकं लिहा. नावाऐवजी काम आणि गाव पुरे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, लातूर

गरोदरपणाच्या शेवटी एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन वारच बनवत असते. वार पडली की दोन्ही काही दिवसांत झपाट्यानं उतरतात. लेकरू अंगावर पीत असेल तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, चढं राहतं आणि अंडाशय शांत राहतं. त्यामुळे पाजणाऱ्या बाईची पाळी सहा महिने, कधी वर्षभरही येत नाही. हा बिघाड नव्हे. यात गोळीनं दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

'हार्मोन बॅलन्स'ची म्हणून जी हातात पडते ती बहुधा एकत्रित गर्भनिरोधक गोळी असते. तीत ही दोन हार्मोन ठरलेल्या मात्रेत असतात. ती रोज पोटात गेली की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबतो आणि बीज तयार होत नाही. म्हणजे बाईचं स्वतःचं चक्र बंद राहतं आणि वरून ठरावीक डोस मिळतो. २१ गोळ्या संपल्यावर जे रक्त जातं ते हार्मोन एकदम थांबल्यामुळे. गोळीवर पाळी तारखेला आली, म्हणून अंडाशय वळणावर आलं असं समजू नका. गोळी सोडली की मूळ जे असेल तेच पुढे येतं. दोन लेकरांत अंतर ठेवायला, अंगावरून फार जात असेल ते कमी करायला, पीसीओएसमध्ये (पाळी लांबवणाऱ्या अंडाशयाच्या विकारात) पाळी वेळेवर आणायला, चेहऱ्यावरची लव आणि मुरूम कमी करायला ही गोळी चांगली आहे आणि त्यासाठी ती जरूर द्यावी. केस, वजन आणि थकवा यांवरचं औषध ती नाही.

आता केव्हा. अंगावर पाजत असेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एकत्रित गोळी मुळीच नाही, आणि पुढे सहा महिने होईपर्यंतही सहसा देत नाहीत. पाजत नसेल तरी पहिले २१ दिवस नाही. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे कल असतो, एस्ट्रोजेन त्यात भर घालतं. सिझर झालं असेल, रक्त चढवलं असेल, गरोदरपणात बीपी वाढलं असेल, वजन खूप असेल, तर ४२ दिवस थांबा. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला बाजेवरून उठू देत नाहीत. त्या पडून राहण्यानंही पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो. शेकशेगडी करा, पण बाईला घरात चालतंफिरतं ठेवा.

पूर्वी गुठळी किंवा पक्षाघात झालेली, डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखणारी अर्धशिशी असलेली, स्तनाचा कॅन्सर झालेली, लिव्हरचा गंभीर आजार किंवा चालू कावीळ असलेली, वय ३५ च्या पुढे आणि विडी-सिगारेट ओढणारी, बीपी १४०/९० किंवा त्याहून वर असलेली, या बायकांना ही गोळी नको. गोळीवर असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखून दम लागला, अचानक भयंकर डोकं दुखलं, दिसायला कमी झालं किंवा पोटात असह्य कळ आली तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. सकाळची वाट पाहू नका.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती वर्षानुवर्षं सुटून जाते. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध उतरलंच नाही, पाळी परत आली नाही, बीपी कमी, सतत गळाठा. इथे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली असू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पाळी यावी म्हणून अशा बाईला गोळी दिली तर रक्त येतं, घरचे निश्चिंत होतात आणि खरा आजार झाकला जातो. आधी कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासायचं. कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी असेल तर त्याचं औषध आधी आणि थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) नंतर. उलटा क्रम जिवावर बेततो.

एएनएम (आरोग्यसेविका), उपकेंद्र, बीड जिल्हा

गोळी देण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: लेकरू अंगावर पितं का, बाळंत होऊन किती आठवडे झाले, बीपी किती. बीपी मोजल्याशिवाय पाकीट हातात ठेवायचं नाही.

माला-एन ही एकत्रित गोळी सरकारी केंद्रावर फुकट मिळते. एका पाकिटात २८ गोळ्या. त्यांतल्या २१ हार्मोनच्या, प्रत्येकीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ वेगळ्या रंगाच्या, त्या लोहाच्या. पाकीट बाईच्या हातात देऊन बाण कुठून सुरू होतो ते तिच्याच बोटानं दाखवायला लावा. बऱ्याच जणी मधूनच काढतात, मग लोहाच्या गोळ्या आधी संपतात आणि हार्मोनची गोळी ऐन वेळी सुटते. दुसरी चूक म्हणजे रंगीत गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून टाकून देणं आणि नवं पाकीट नेमकं कोणत्या दिवशी उघडायचं याचा हिशेब चुकणं. २८ वी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट. पाळी चालू असो, संपलेली असो, आलेली नसो. सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊनही रक्त आलं नाही तर लघवीची तपासणी करायची, पण पाकीट थांबवायचं नाही.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच संरक्षण. इतर दिवशी सुरू केली तर पहिले सात दिवस निरोध. वेळ रात्री जेवणानंतरची बरी, मळमळ झोपेत निघून जाते.

एक किंवा दोन गोळ्या सुटल्या तर आठवताक्षणी एक घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. सलग तीन किंवा जास्त सुटल्या तर एक लगेच घ्या, पाकीट चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट उघडा. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची, म्हणून एक पाकीट जादा द्या. जुलाब-उलट्या दोन दिवसांवर गेल्या तर गोळ्या सुटल्या असंच धरा आणि सात दिवस निरोध.

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग लागतात. ते आधीच सांगितलं तर बाई गोळी सोडत नाही, न सांगितलं तर दुसऱ्या पाकिटालाच सोडते.

औषध दुकानदार, परभणी

वरच्या ताईंनी सुटलेल्या गोळीचं जे लिहिलं ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीला लागू. दुकानात २० मायक्रोग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. तिथे दोन सुटल्या तरी सात दिवस निरोध धरा. त्यामुळे पाकिटावर इथिनिल एस्ट्राडिऑल किती आहे ते आधी वाचा. मुरमांसाठी म्हणून सायप्रोटेरॉन किंवा ड्रॉस्पिरेनॉन असलेल्या गोळ्या सर्रास मागितल्या जातात. त्यांत गुठळीचा धोका लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाल्या गोळीपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून बाळंतपणानंतर पहिल्यांदा सुरू करताना चिठ्ठीशिवाय नकोच.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती पाळी पुढे ढकलायच्या गोळीची. महालक्ष्म्या, नवरात्र, तुळजापूरची वारी आली की नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची मागणी वाढते. ही दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिनं गर्भ राहायचं थांबत नाही. शिवाय या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात एस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ओली बाळंतीण असेल, सिझरला महिनाही झाला नसेल, तर सणासाठी ही गोळी देऊ नये. बाळंतपणानंतर पाळी सुरूच झाली नसेल तर ढकलायचं काय, हेही विचारून बघा.

क्षयाचं औषध चालू असेल तर रिफॅम्पिसिनमुळे गोळी कुचकामी होते. ते औषध संपल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचंही तेच. अशा वेळी तांबी (कॉपर-टी) बरी. ॲमॉक्सिसिलिनसारख्या साध्या अँटिबायोटिकनं मात्र काही होत नाही, उगाच घाबरून गोळी सोडू नये.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. पत्र्याला लागून फळीवर नको, गॅसजवळ नको. माठाशेजारच्या गार कोपऱ्यात, बंद डब्यात ठेवा. पण ओल लागू देऊ नका.

आपत्कालीन गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पाजणाऱ्या बाईला चालते. पण महिन्यातून चार वेळा घ्यायची ती गोळी नव्हे. पाळीची पार दैना होते आणि गर्भ राहायचा तो राहतोच.

गटप्रवर्तक, हिंगोली

पाजणारी बाई 'हार्मोनची गोळी नको' म्हणते तेव्हा 'छाया' या गर्भनिरोधक गोळीचं नाव काढा. छायामध्ये सेंटक्रोमॅन ३० मिलिग्रॅम असतं. यात हार्मोन नाही, दुधावर परिणाम नाही. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालं आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आलं.

घ्यायची रीत वेगळी आहे आणि गोंधळ तिथेच होतो. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल तर रविवार-बुधवार, सोमवार असेल तर सोमवार-गुरुवार, मंगळवार असेल तर मंगळवार-शुक्रवार. चौथ्या महिन्यापासून फक्त पहिला वार धरायचा. घरातल्या कॅलेंडरवर त्या वारांना पेननं गोल करून द्या. आठवड्याची गोळी रोजच्या गोळीपेक्षा जास्त विसरली जाते, हे लक्षात ठेवा. ज्या गावात आठवडी बाजार त्या वाराला जुळतो, तिथे बायका सहसा विसरत नाहीत. बाळंतपणानंतर पाळी आली नसेल तर वाट पाहायची गरज नाही, गरोदर नाही याची खात्री झाली की सुरू करता येते.

सुटली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्या, पुढचे वार तेच, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांवर गेलं तर पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. काहींची पाळी लांबते. १५ दिवसांवर लांबली तर तपासणी करा. आणि जिला पीसीओएस आहे, नुकतीच कावीळ झाली आहे किंवा क्षय आहे तिला छाया देत नाहीत. म्हणजे पाळी ताळ्यावर आणायला छाया मागणाऱ्या पीसीओएसवाल्या ताईला ती चुकीचीच गोळी आहे.

'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी, पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर. टोचल्यावर जागा चोळायची नाही, शेकायची नाही, औषध लवकर विरतं. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं. पाळी आधी अनियमित होते आणि पुढे बंदही होते. रक्त आत साठत नाही, अस्तरच वाढत नसतं. लगेच दुसरं लेकरू हवं असेल तर अंतरा नको, शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. गोळीची गोष्ट ४२ व्या दिवसावर ढकलू नका, २१ व्याच भेटीत काढा. न पाजणाऱ्या बाईला चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकतं, आणि पहिली पाळी दिसायच्या आधी दिवस राहतात.

स्तनपान समुपदेशक, नांदेड

'पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत' हे तीन अटींवरच खरं: पाळी आलेली नाही, लेकरू सहा महिन्यांच्या आतलं आहे, आणि त्याला अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही. दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नको. बाळगुटी, पाणी किंवा वरचं दूध नेमानं सुरू झालं की एक अट तुटली. उष्टावण झालं की दुसरी गेली. त्या दिवसापासून दुसरा उपाय हवा.

दूध कमी झाल्यावर बायका आधी आळीव, बाळंतशोपा आणि मेथी वाढवतात. पाकिटात एकत्रित गोळी आहे का हे कुणी पाहत नाही. ते आधी पाहा. लेकराची लघवी २४ तासांत सहापेक्षा कमी आणि वजन वाढत नसेल तर गोळी बदलायची, लगेच डब्याचं दूध सुरू करायचं नाही.

रोजचीच गोळी हवी असेल तर फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेली डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम. २८ च्या २८ औषधाच्या, मधे खंड नाही. १२ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर लगेच घ्या आणि पुढे किमान दोन दिवस निरोध वापरा. रात्री लेकरू उठतं तेव्हा घेऊ म्हणून ठेवू नका, ती वेळ रोज बदलते.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जालना

पाजत असताना प्रोलॅक्टिन चढं येणारच, त्या आकड्याला घाबरून औषध घेऊ नका. गोळी चालू असताना एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिऑल ही पाळीच्या चक्राची हार्मोन तपासणं म्हणजे पैसे वाया, ते आकडे गोळीचे असतात. मोठं 'हार्मोन पॅकेज' करण्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. ही तपासणी फार कमी जणी करतात.

वैद्यकीय अधिकारी, धाराशिव

टीएसएचबद्दल जोडतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येऊ शकते. आधी एक ते चार महिन्यांच्या सुमारास धडधड, घाम, वजन घटणं आणि चिडचिड, मग चार ते आठ महिन्यांत थंडी, सुस्ती आणि वजन वाढणं. याच तक्रारींना घरात 'हार्मोन बिघडले' म्हणतात आणि नेमक्या याच बाईला गर्भनिरोधक गोळी मिळते. जी आधीच थायरॉक्सिनवर आहे तिनं एकत्रित गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करावा, डोस वाढवावा लागू शकतो. थायरॉक्सिन आणि लोह यांत चार तास ठेवा. माला-एनच्या रंगीत गोळ्याही यात आल्या. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची लोहाची गोळी आणि कॅल्शियमही एकत्र घेऊ नका.

केस दोन ते चार महिन्यांनी मूठमूठ जातात. गरोदरपणात गळायचे थांबलेले केस ते. सहा ते बारा महिन्यांत भरून येतात. गोळी बंद केली की केस पुन्हा गळू शकतात, मग ती केसांसाठी सुरू कशाला करायची?

रडू येणं, उदास वाटणं पहिल्या दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोप उडाली, लेकराजवळ जावंसं वाटेना, जीव नकोसा झाला, तर गोळीचं नाव काढू नका. तो उपचाराचा आजार आहे आणि तो बरा होतो. टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे किंवा लेकराला इजा करायचे विचार येत असतील तर बाईला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

समुदाय आरोग्य अधिकारी, बीड जिल्हा

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं वेगळं लिहिते. पाळीची कटकट कायमची मिटावी म्हणून कमी वयात गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न इथे इतका पुढे आला की २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली. पिशवीसोबत अंडाशय गेले तर हार्मोनची खरी कमतरता तिथे होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. अंगावरून जास्त जात असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी, मग ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्त जाणं कमी करणारं औषध), एकत्रित गोळी किंवा हार्मोनची तांबी असे टप्पे आहेत. ट्रॅनेक्सॅमिक आणि एकत्रित गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकत्र नको, दोन्हींनी गुठळीचा धोका वाढतो.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी गोळ्या द्याव्यात. सहा महिन्यांना २८ दिवसांची सात पाकिटं लागतात, सहा नव्हे, आणि उलटीसाठी एक जादा, म्हणजे आठ. कोपीत, म्हणजे तोडणीच्या जागच्या झोपडीत, ऊन आणि दव दोन्ही लागतं, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगा. पहाटे तोडीला जाणाऱ्या बाईला रात्रीची भाकरी झाल्यानंतरचीच वेळ जमते. अंतरा घेणाऱ्या बाईची पुढची सुई साधारण माघाच्या आसपास येते. कार्डावर ती तारीख आणि चार आठवड्यांची शेवटची मुदत दोन्ही ठळक लिहा, आणि कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात हेच कार्ड दाखवून सुई मिळते, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही सांगा.